नाचणाऱ्यांचा पगार

१९८४ च्या उन्हाळ्यात आई आणि आप्पा पहिल्यांदा अमेरिकेत आले. आलेल्या आईवडिलांना नायगारा, वॉशिंग्टन आणि ब्रॉडवेचं एक नाटक दाखवणं हा तेव्हा आपल्या मंडळींत जवळजवळ सतरावा संस्कारच होता. आम्ही नाटक निवडलं 'फॉर्टी सेकंड स्ट्रीट'. इंग्रजी कळलं नाही तरी नाच कळेल, असा हिचा हिशेब. न्यू जर्सीहून बसने पोर्ट ऑथॉरिटीला उतरलो आणि माझी चूक माझ्या लक्षात आली. नाटक होतं मॅजेस्टिक थिएटरात, म्हणजे चव्वेचाळिसाव्या रस्त्यावर. पण नाटकाच्या नावातला खरा बेचाळिसावा रस्ता आप्पांना बघायचा होता. त्या सालचा तो रस्ता ज्यांनी पाहिला आहे त्यांना पुढचं सांगायला नको. दोन्ही बाजूंच्या सिनेमांच्या पाट्या अशा, की आईने मान खाली घातली ती वर काढलीच नाही, आणि आप्पा आकाशाकडे बघत मला इमारतींची उंची विचारू लागले. एके काळी झीगफेल्डच्या खेळांना जिथे सारं न्यूयॉर्क लोटायचं ते न्यू अ‍ॅम्स्टरडॅम थिएटर याच रस्त्यावर अवकळा येऊन उभं होतं. १९९७ साली डिस्नेने ते पुन्हा उघडलं. आता तिथे नातवंडांना नेता येतं.

नाटकाची सुरुवात मात्र अशी, की आई रस्त्यावरचं सगळं विसरली. पडदा फूटभर वर जातो आणि तिथेच थांबतो. दिसतात ते नुसते पाय, ओळीने नाचणारे. त्या क्षणाला थिएटरात जी टाळी पडली ती अजून माझ्या कानांत आहे. परतीच्या बसमध्ये मी आप्पांना विचारलं, "कसं वाटलं?" आप्पा म्हणाले, "मेहनत फार आहे. पण एवढ्या माणसांचा पगार कोण देतं, ते काही कळलं नाही."

मला हसू आलं. आप्पा सांगलीचे, आयुष्यभर कारकुनी केलेले. त्यांना हिशेब सुचणारच. पण त्यामागे दुसरंही काही होतं. त्यांचे चुलते एका नाटक कंपनीत तबला वाजवत. बोलपट आले, गावोगावची नाटकाची थिएटरं सिनेमाकडे गेली आणि ती कंपनी हळूहळू बसली. आधी पगार अर्धा झाला, मग नुसत्या जेवणावर आला, आणि एके दिवशी चुलते तबल्याची जोडी घेऊन सांगलीला परत आले. एकोणीसशे तीसच्या दशकात खुद्द बालगंधर्वांची कंपनी कर्जापायी मोडकळीला आली आणि १९३५ साली 'धर्मात्मा' चित्रपटात ते प्रभातच्या कॅमेऱ्यासमोर उभे राहिले, तिथे आमच्या तबलजी आजोबांची काय कथा! नाटक बघताना आप्पांची नजर पडद्यामागे जायची ती त्यामुळे.

त्या प्रश्नाचं उत्तर मला सात वर्षांनी मिळालं, आणि तेही माझाच पगार बंद झाल्यावर.

१९९१ च्या फेब्रुवारीत एका शुक्रवारी आमच्या कंपनीने आमचा अख्खा विभाग बंद केला. पुठ्ठ्याचं खोकं, सहीचा कागद, दारापर्यंत सोबतीला रखवालदार. हा सोहळा आपल्यापैकी बऱ्याच जणांनी अनुभवला असेल, म्हणून लांबवत नाही. रोज सकाळी नऊला टाय लावून मी गावच्या लायब्ररीत जाऊ लागलो. नोकरीच्या जाहिराती वाचायला वर्तमानपत्रं तिथे फुकट होती, आणि फुकट आणखी एक गोष्ट होती, व्हिडिओ कॅसेट. जुन्या सिनेमांच्या कप्प्यात एक दिवस ओळखीचं नाव दिसलं: 'फॉर्टी सेकंड स्ट्रीट', १९३३. आम्ही पाहिलेलं नाटक ज्याच्यावरून बेतलं तो मूळ सिनेमा. त्याच्याशेजारी 'गोल्ड डिगर्स ऑफ १९३३' आणि 'फूटलाइट परेड'. तिन्ही वॉर्नर ब्रदर्सचे, तिन्ही एकाच वर्षातले. तिन्हींची गोष्ट म्हटली तर एकच: एक नाटक उभं राहतंय, पैसे नाहीत, माणसं भांडतायत, शेवटी पडदा वर जातो. मी तिन्ही कॅसेट घरी आणल्या आणि आठवडाभर पुन्हापुन्हा पाहिल्या.

या सिनेमांबद्दल नेहमी सांगितलं जातं ते असं, की मंदीच्या दिवसांत लोकांना दुःख विसरायचं होतं म्हणून असे झगमगते सिनेमे चालले. मला हे अर्धंच खरं वाटतं. विसरायला लावणारे सिनेमे वेगळे. १९३५ सालचा 'टॉप हॅट' घ्या. फ्रेड अ‍ॅस्टेअर आणि जिंजर रॉजर्स स्टुडिओतल्या व्हेनिसमध्ये नाचतात, आणि घरभाडं ही काय चीज आहे हे त्या जगात कुणाला ठाऊकच नसतं. वूडी अ‍ॅलनने 'पर्पल रोझ ऑफ कैरो'च्या (१९८५) शेवटी त्या दुःखी बाईला थिएटरात बसवून जो सिनेमा बघायला लावला तो 'टॉप हॅट', आणि ते बरोबरच आहे. वॉर्नरच्या त्या तीन सिनेमांत मात्र पहिल्या दहा मिनिटांत कुणीतरी पैशांविषयी बोलतं आणि ते बोलणं शेवटपर्यंत थांबत नाही. आप्पांचा प्रश्न तिथे प्रत्येक पात्र विचारत असतं.

'फॉर्टी सेकंड स्ट्रीट'चा दिग्दर्शक ज्यूलियन मार्श (हे काम वॉर्नर बॅक्स्टरने केलंय) आजारी आहे. डॉक्टरने काम सोडायला सांगितलंय. पण शेअर बाजारात सगळं गेलेलं, म्हणून शेवटचं एक नाटक करणं भाग आहे. नाटकाला पैसा कोण देतो? मुलांच्या खेळण्यातल्या गाड्या बनवणारा एक जाडा कारखानदार. आणि तो देतो ते नायिकेवर डोळा ठेवून. म्हणजे नायिकेचा खरा प्रियकर त्याच्या दृष्टीस पडला तर शंभर घरांच्या चुली विझणार. (शेठ रंगमंचावरच्या नाटकातही होता; पण त्या नाचांच्या गर्दीत तो आप्पांना दिसला नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही नाही.) तालमी चालतात पाच आठवडे. मुली उभ्या-उभ्या पेंगतात, एक भोवळ येऊन पडते, दिग्दर्शक ओरडत राहतो. ऐन वेळी नायिकेचा घोटा दुखावतो. कोरसमधली अ‍ॅनी, म्हणजे जिंजर रॉजर्स, तिला शेठ नायिकेची जागा देऊ करतो. आणि ही इरसाल पोरगी म्हणते, मला जमणार नाही, त्या नव्या मुलीला जमेल. अख्ख्या सिनेमात मला सर्वांत आवडलेली जागा ही. स्वतःची कुवत नेमकी ओळखणारं माणूस सिनेमात सहसा सापडत नाही, आणि ऑफिसात तर नाहीच.

मग मार्श त्या नव्या मुलीला, पेगीला, काही तासांत पिळून तयार करतो. रंगमंचावर ढकलण्याआधी तो तिला जे सांगतो त्यातलं शेवटचं वाक्य जगप्रसिद्ध झालं: जाताना पोर आहेस, येताना तारका होऊन ये, अशा अर्थाचं. पण त्याआधी तो काय सांगतो हे लोक विसरतात. तो तिला कलेविषयी एक अक्षर सांगत नाही. तो सांगतो दोनशे माणसांच्या नोकऱ्यांविषयी. तो भार खांद्यावर घेऊन ती बाहेर जाते.

पेगीचं काम केलंय रूबी कीलरने. खरं तर ती मोठी नर्तिका नव्हे. पाय जड पडतात आणि मध्येच ती आपल्या पायांकडे बघते. पण न्यूयॉर्कच्या नाइट क्लबांत तेरा-चौदाव्या वर्षापासून नाचून पोट भरलेली मुलगी होती ती, आणि तिच्या नाचात ते दिसतं. पोटासाठी नाचणाऱ्या मुलीला आपलं पाऊल बरोबर पडतंय ना हे बघावंच लागतं. एखादी निष्णात नर्तिका घेतली असती तर ही गोष्ट कुणी खरी मानली नसती.

हा सिनेमा ज्या आठवड्यात न्यूयॉर्कला लागला तो आठवडा लक्षात घ्या. १९३३ साली अमेरिकेत कामकऱ्यांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा बेकार होता. ४ मार्चला रूझवेल्टचा शपथविधी झाला. ६ मार्चपासून देशातल्या सगळ्या बँका सरकारी हुकुमाने बंद. आणि ९ मार्चला स्ट्रँड थिएटरात 'फॉर्टी सेकंड स्ट्रीट'चा पहिला खेळ! वॉर्नरने जनरल इलेक्ट्रिकच्या मदतीने एक खास आगगाडी सजवून नटनट्यांसह कॅलिफोर्नियाहून पूर्वेकडे सोडली होती. वाटेत गावोगावी थांबत, शपथविधीला वॉशिंग्टनमध्ये हजेरी लावून ती न्यूयॉर्कला पोचली. रूझवेल्टची 'न्यू डील' ही शब्दांची जोडी जाहिरातीत उचलायलाही त्यांनी मागेपुढे पाहिलं नाही. खिशात रोकड नसलेले लोक तरीही तिकीट काढून आले.

वॉर्नरची स्वतःची अवस्था काय होती? १९३२ साली कंपनीला सुमारे १ कोटी ४० लाख डॉलरचा तोटा झाला होता. पॅरामाउंट आणि आरकेओ तर १९३३ च्या जानेवारीतच रिसीव्हरच्या ताब्यात गेल्या होत्या. त्यात संगीतपट म्हणजे बुडीत खातं समजलं जाई. बोलपट आल्यावर १९२९ साली 'ब्रॉडवे मेलडी'ने पडद्यामागच्या गोष्टीचा पायंडा पाडला, ऑस्कर मिळवलं, आणि मग दोन वर्षांत सगळ्यांनी गाण्याबजावण्याचा इतका रतीब घातला की प्रेक्षक विटले. अशा वेळी वॉर्नरचा निर्मितीप्रमुख डॅरिल झॅनक याने पुन्हा संगीतपटाचा जुगार खेळला. गाणी रचणारी जोडी पहा: हॅरी वॉरन, मूळ नाव साल्वातोरे ग्वाराग्ना, ब्रुकलिनच्या इटालियन कुटुंबातला, आणि अल डुबिन, जन्म झुरिकचा, आईवडील रशियातून आलेले ज्यू. वॉर्नर बंधूंचं घराणं पोलंडचं. अमेरिकेचं म्हणून जे संगीत आपण ओळखतो ते असं बाहेरून आलेल्यांच्या मुलांनी रचलं. आपल्या मुलांनी मेडिकलला जावं असं वाटणाऱ्या पालकांनी याची नोंद घ्यावी, एवढंच म्हणतो!

आणि आता त्या मार्च महिन्यातली दुसरी गोष्ट, जी मला बऱ्याच नंतर एका पुस्तकात सापडली. बँका बंद झाल्याबरोबर हॉलिवूडच्या स्टुडिओंनी जाहीर केलं, की आठ आठवडे पगार निम्मे. तंत्रज्ञांच्या युनियनने ते मानलं नाही. लेखक-नटांना मानावं लागलं. त्याच महिन्यात वॉर्नरच्या स्टुडिओत 'गोल्ड डिगर्स ऑफ १९३३'चं चित्रण चालू होतं. या सिनेमाची सुरुवात कशाने होते? जिंजर रॉजर्स आणि मागे कोरसच्या मुली, अंगावर कपड्यांऐवजी मोठाली नाणी, आणि गाणं 'वी आर इन द मनी'. मंदी संपली, आपण मालामाल झालो, असं ते गाणं, आणि चित्रण चाललंय अर्ध्या पगाराच्या दिवसांत. गाणं रंगात आलेलं असताना शेरीफची माणसं शिरतात. निर्मात्याने देणी थकवलीत. ते पडदे उचलतात, सामान उचलतात, मुलींच्या अंगावरची वेशभूषासुद्धा ओढून नेतात. ती तालीमच असते. नाटक उघडण्याआधी बंद! सुरुवातीचं गाणं संपून गोष्ट सुरू होते ती जप्तीपासून, असा दुसरा संगीतपट मला माहीत नाही. आर्थर पेनच्या 'बॉनी अँड क्लाइड'मध्ये (१९६७) खून करून पळालेली ती टोळी थिएटरच्या अंधारात लपते, तेव्हा पडद्यावर हेच गाणं चालू असतं.

पगारकपातीचा शेवट असा: ठरलेल्या मुदतीनंतर पूर्ण पगार सुरू करायला वॉर्नरने टाळाटाळ केली, आणि दिलेला शब्द मोडला म्हणून झॅनकने एप्रिलमध्ये राजीनामा दिला. ज्याने हे सिनेमे उभे केले तोच गेला. लेखकांची संघटना त्याच एप्रिलमध्ये उभी राहिली, नटांची जुलैमध्ये. नाटकवाल्यांच्या पगाराचे सिनेमे काढता काढता सिनेमावाल्यांना आपल्या पगाराची आठवण झाली.

जप्तीनंतरची बिऱ्हाडाची दृश्यं मी बायकोला बोलावून दाखवली. एका खोलीत तीन मुली, बिछान्यातून उठायलाही कारण नाही. शेजारच्या खिडकीतली दुधाची बाटली एकजण चिमट्याने ओढून घेते. निर्माता नवं नाटक करतोय अशी बातमी येते, तेव्हा सगळ्यांचे बरे कपडे गोळा करून एकीला नटवून पाठवतात. निर्मात्याला नाटक करायचंय ते मंदीवरच, पण पैसा? तो निघतो समोरच्या खिडकीत पियानो वाजवणाऱ्या पोराकडे. तो रोख पंधरा हजार डॉलर काढून देतो, आणि मुलींना लगेच संशय येतो की याने बँक लुटली असणार. निघतो तो बॉस्टनच्या श्रीमंत घरचा मुलगा. हा भाग म्हणजे परीकथा, आणि मधला तासभर प्रेमाचे घोटाळे. तो मी आपल्या जबाबदारीवर पुढे पळवायला सांगेन.

पण शेवट पळवू नका. जोड्या जुळल्या, घोटाळे मिटले, आता एखादं गोड गाणं होऊन पडदा पडणार असं वाटत असताना येतं 'रिमेंबर माय फरगॉटन मॅन'. जोन ब्लाँडेल दिव्याच्या खांबाला टेकून उभी, रस्त्यावरची बाई म्हणून. वर एका खिडकीत काळी गायिका एट्टा मोटेन तेच गाणं गाते. श्रेयनामावलीत तिचं नाव नाही. दारात झोपलेल्या एका माणसाला पोलीस हुसकावतोय, तेव्हा ब्लाँडेल त्याच्या कोटाची कड उलटून आतलं लष्करी पदक दाखवते. मग पहिल्या महायुद्धाला निघालेली पलटण, कागदांच्या वर्षावात. तीच पावसात, जखमी होऊन परतणारी. तीच पुन्हा, पावासाठी रांगेत. १९३३ च्या प्रेक्षकाला हे समजावून सांगावं लागत नव्हतं. आदल्याच उन्हाळ्यात, १९३२ मध्ये, कबूल केलेला बोनस आधी द्या म्हणून हजारो माजी सैनिक वॉशिंग्टनला येऊन राहिले होते आणि २८ जुलैला जनरल मॅकआर्थरच्या फौजेने त्यांना हाकलून त्यांच्या झोपड्या जळाल्या होत्या. 'विसरलेला माणूस' हे शब्द रूझवेल्टने निवडणुकीपूर्वीच्या भाषणात वापरले होते. गाणं संपतं आणि सिनेमाही तिथेच संपतो. नंतर चुंबन नाही, विनोद नाही. आम्ही दोघं बराच वेळ कॅसेट मागे फिरवायला उठलो नाही.

हे सगळे नाच बसवले बझ्बी बर्कलीने. नाचाचं शिक्षण शून्य. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये तो सैनिकांची कवायत बसवत असे, आणि त्याच्या नाचांत ती कवायत पुढेही राहिली. कॅमेरा एकच वापरायचा आणि तो छतापर्यंत चढवायचा. वरून बघितलं की मुलींची फुलं होतात, चाकं होतात, 'फूटलाइट परेड'मध्ये पाण्यातली नक्षी होते. माझी मुलगी कॉलेजात असताना हे बघून संतापली होती. तिचं म्हणणं, ही माणसं आहेत की यंत्राचे दाते? तिचं चूक नाही. बर्कली प्रत्येक मुलीचा चेहरा जवळून दाखवतो हे खरं, पण एकीनंतर एक, हजेरी घ्यावी तसा. तरीही मला वाटतं, दिवसभर एखाद्या यंत्राचा दाता होण्याचीसुद्धा संधी ज्यांना नव्हती त्यांना शंभर जणींचं एकत्र, चोख, पगारी काम बघायला बरं वाटत असणार. त्या फेब्रुवारीत मला तरी वाटलं.

'फूटलाइट परेड' तर माझ्याच गोष्टीने सुरू होतो. जेम्स कॅग्नी नाटकं बसवतो. निर्माते त्याला सांगतात, आता बोलपट आले, तुझं काम संपलं. ही बनवलेली गोष्ट नव्हे. न्यूयॉर्कच्या पॅलेस थिएटरने, जे व्हॉडव्हिलचं पंढरपूर होतं, १९३२ सालीच सिनेमापुढे मान तुकवली होती. बेकार कॅग्नी औषधाच्या दुकानात जातो आणि विचारतो, इथे अ‍ॅस्पिरिन इतकी स्वस्त कशी? उत्तर मिळतं, आमची साखळी दुकानं आहेत, एकदम घाऊक घेतो. त्याच्या डोक्यात प्रकाश पडतो: सिनेमाच्या आधी रंगमंचावर दाखवायचे छोटे खेळ एकाच ठिकाणी तयार करायचे आणि थिएटरांच्या साखळीला पुरवायचे! ज्या सिनेमाने नोकरी खाल्ली त्यालाच गिऱ्हाईक करायचं. भागीदार त्याचा नफा लपवतात, प्रतिस्पर्धी कल्पना चोरतात, आणि तो न झोपता काम करत राहतो. कुठल्याही सॉफ्टवेअर कंपनीतली गोष्ट वाटते.

१९३४ च्या जुलैपासून सेन्सॉरच्या नियमांची कडक अंमलबजावणी सुरू झाली, मंदीची धार जरा बोथट झाली, आणि हे सिनेमे मोठ्या हॉटेलांत आणि श्रीमंतांच्या बंगल्यांत राहायला गेले. नाच उरले. १९८० सालचं आम्ही पाहिलेलं ब्रॉडवेचं नाटक त्याच वाटेने आलेलं. ज्या दिवशी ते उघडलं त्याच दिवशी त्याचा दिग्दर्शक गाउअर चँपियन वारला, आणि निर्माता डेव्हिड मेरिकने खेळ संपल्यावर, टाळ्या चालू असताना, रंगमंचावर येऊन ते जाहीर केलं. पडद्यामागच्या गोष्टीचं नाटक, आणि पडद्यामागे हे! त्याचे ३,४८६ प्रयोग झाले.

मूळ सिनेमाचा शेवट मात्र साधा आहे. प्रयोग यशस्वी होतो. थिएटरच्या बाहेर, बाजूच्या गल्लीत मार्श एकटा उभा आहे. बाहेर पडणारे लोक म्हणतायत, ती पोरगी काय नाचली, आणि हा मार्श फुकटचं श्रेय खाणार. कुणी त्याला ओळखत नाही. तो लोखंडी जिन्याच्या पायरीवर बसतो आणि सिनेमा संपतो.

हे सगळं मी आप्पांना लिहिलं. तेव्हा फोन महाग, म्हणून एरोग्रॅम. एक पुरला नाही, दोन पाठवले. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं, पगार खेळण्यातल्या गाड्यांचा कारखानदार देतो, असं मोठ्या ऐटीत कळवलं. नोकरी गेल्याचं लिहिलं नाही. उगाच त्यांना काळजी कशाला!

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. आईचे गुडघे, भावाच्या मुलाची मुंज, कृष्णेचं पाणी, सगळं क्रमवार. आणि सहीच्या खाली, कडेला उरलेल्या जागेत उभ्या ओळीत लिहिलेलं: "सिनेमाचं वर्णन आवडलं. कामाच्या दिवसांत एवढे सिनेमे बघायला वेळ कसा मिळतो, ते कळव."

त्या रात्री मी महाग फोन केला.